सीलबंद लाल गाडी

"अण्णा, आधी हातमोजे घाला," नवरा म्हणाला. "बोटांच्या तेलानं खोक्यावर डाग पडतात." माझ्या वडिलांचं आयुष्य तेलातच गेलं. शोलावरमच्या शर्यतींत धावलेल्या ज्या लाल रेसिंग कारचे ते मेकॅनिक, तिचं वीतभर मॉडेल चाचपायला दृष्टी गेलेले अण्णा बसवनगुडीहून आमच्या घरी बेळ्ळंदूरला रिक्षानं आले होते. हातमोज्यांतून त्यांना नुसता पुठ्ठा लागला. "स्वल्प उघडा की!" "सील तोडलं की कलेक्शनमधून बाद, अण्णा." खेळणी न खेळता जपणाऱ्या त्या पन्नाशीच्या बाळाला न विचारता मी सील फाडलं, अण्णांचे मोजे उतरवले आणि गाडी तळहातावर ठेवली. बोटं सरळ तिच्या पोटाखाली गेली. "मी इथं पत्र्याची पट्टी मारली होती. कुठंय?" नवरा कुत्सित हसला. "फोटोंवरून बनवतात हो. एकाही फोटोत पट्टी नाही." "दिसेल कशी? फोटो काढले तेव्हा मी गाडीखालीच होतो, जावईबापू."