भिंतीवरची फुलं

आताकामाच्या वाळवंटातल्या आमच्या गावात सात वर्षं पाऊस नव्हता. म्हणून नगरपालिकेने मला बसथांब्यामागच्या भिंतीवर अन्यानुकाची लाल फुलं रंगवायला सांगितली. या फुलाचे कंद वाळूखाली वर्षानुवर्षं पाण्याची वाट बघत पडून असतात, त्यामुळे मी सगळं आठवणीनेच रंगवत होते. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून दोन महिने रोज टँकर भिंतीपुढे पाणी मारून जायचा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ब्रश धुताना खाली बघितलं. इतके दिवस मी ज्याला गवत समजत होते, त्याला फुलं आली होती. खऱ्याखुऱ्या अन्यानुका, चांगल्या अकरा! साठीची बाई मी, तिथंच फतकल मारून रडले.

सकाळी येऊन बघते तर तिथं लाल गालिचा.

"एवारिस्तो, इथली फुलं कुठायत?" मी मुकादमाला विचारलं.

"ती होय, मावशी? गालिचा सपाट बसेना, म्हणून फावड्याने खरवडून टाकली. भिंतीवर आहेत की एवढी!"

नगराध्यक्षांनी फीत कापली. चित्राला नाक लावून म्हणाले, "वा! अगदी खरी वाटतात!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या गालिच्यावर थुंकावंसं वाटलं.

मग त्यांनी एवारिस्तोला जवळ बोलावलं.



"इथं आजच्या आज पाटी लाव," ते म्हणाले, "फुलांना हात लावू नये."