जुना गोंद

बंदुकीच्या चापाचा स्क्रू सकाळपासून तेल पिऊन बसला होता, पण हलायचं नाव घेत नव्हता. म्हातारा कारागीर वाकून वाकून मेटाकुटीला आला. शेवटी त्याने तापलेली सळई टेकवताच जळक्या गोंदाचा वास आला. गोंद त्याचाच होता, आत्ता आठवलं. वीस वर्षांपूर्वी आज दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची आई नवऱ्याबद्दल म्हणाली होती, “ह्यांचा राग वाईट. बंदूक घरात राहू दे, चालायला नको.” म्हणून चाप अडकवून त्यानेच स्क्रू चिकटवला, पेचकस बसू नये म्हणून खाचही घासली होती. आता बाप गेला, बंदूक मुलाकडे आली आणि तो ती दुरुस्तीला घेऊन आला. स्क्रू सुटला. तेवढ्यात दारातला मुलगा फोनवरून बायकोवर खेकसला, “घरी येऊ दे मला, मग बघतो.” आवाज थेट बापाचा. कारागिराने दमून डोळे मिटले, मग गोंदाची बाटली उघडली. “निघाला का?” मुलाने विचारलं. “नाही बाबा,” तो स्क्रू आवळत म्हणाला, “माझ्या हयातीत निघायचा नाही.”