थोरलीची साक्ष

चांगुणा साक्ष देऊन बाहेर आली, तेव्हा नगरच्या सेशन कोर्टाच्या आवारात बसलेला सगळा गाव हसला.

"वकिलानं पढवलंय," कानिफनाथ पाटील म्हणाला. "मानूस मारायचा आन येडं व्हायचं! आता थोरलीला जाऊ द्या आत. ती खरं सांगंल."

थोरली म्हणजे राहीबाई. ती सांगणारच होती. तिचा नवरा आसाराम वेडा आहे, वेडाच्या भरात त्यानं विहिरीवर गावातल्याच सूर्यभानला कुऱ्हाड घातली, असं वकील म्हणत होता. वेड शाबीत झालं तर फाशी टळणार होती. पण राहीबाईच्या घरात तो कधी चढ्या आवाजातसुद्धा बोलला नव्हता. अमावास्या जवळ आली की मात्र मळ्यात धाकट्या बायकोकडे, या चांगुणाकडे, राहायला जायचा. इकडे राहीबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याला वेड होतं ते त्या सटवीचं, दुसरं कसलं?

चांगुणा तिच्यापुढे येऊन बसली. तिनं पदर सारून दंड दाखवला. दंडावर दातांचे व्रण होते, जुने आणि नवेही.

"आक्का, झटका येनार वाटलं की पळत माझ्याकडं यायचे. मी दाव्यानं मेढीला बांधायची. म्हनायचे, थोरलीला कळू देऊ नगंस. तिच्यापुढं तरी मला मानूस ऱ्हाऊ दे." मग ती जरा ताठ झाली. "त्यांचं ते रूप माझ्याबिगर कुनी न्हाई बघितलं."

इतकी वर्षं राहीबाई जिचा हेवा करत आली, तिच्या वाट्याला दावं आणि दात आले होते. शहाणा आसाराम सगळा राहीबाईचाच होता.

तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. चांगुणा मागोमाग येऊन दाराशी उभी राहिली. पिंजऱ्यातून आसाराम राहीबाईकडे बघत होता, अगदी शहाण्यासारखा.

"तुमच्या घरी तो कसा वागायचा?" न्यायाधीशांनी विचारलं.

खरं बोलली तर तो फासावर जाणार होता. राहीबाईनं त्याच्यावरची नजर काढली.

"येडेच हुते, सरकार. मीबी दाव्यानं बांधायची. मलाबी चावायचे."

"थोरलीबी फितली की!" मागून कुणीतरी म्हणालं.

राहीबाईनं वळून पाहिलं. नवऱ्याचा जीव वाचत होता, आणि दारातली चांगुणा तिच्याकडे जळत्या डोळ्यांनी बघत होती. ती नजर राहीबाईनं लगेच ओळखली. अमावास्येला मळ्याच्या वाटेकडे बघताना तिची स्वतःची तीच असायची.