एकाच चेहऱ्याची पदकं

“वजन किती?” म्हाताऱ्याने विचारलं.

“एकशे वीस ग्रॅम.” दुकानवालीने काट्याकडे न बघताच सांगितलं.

“आणि धातू?”

“काँसं. नेहमीचंच.”

त्याने पदक तळहातावर घेतलं, त्यावरच्या टिचभर मिशीच्या हुकूमशहाकडे एकदा पाहिलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. डबी नको म्हणाला. कधीच घेत नसे.

“पुढच्या शनिवारी?”

“तयार ठेवते, आजोबा.”

हे गिऱ्हाईक तिच्या डोक्यात जायचं. जुन्या जर्मन स्मृतिपदकांचं हे दुकान तिच्या बापाच्या वेळचं. झुपकेदार मिशांचा चॅन्सलर, आरमाराचं वेड लागलेला सम्राट, म्हातारपणी राष्ट्राध्यक्ष झालेला सेनापती, सगळे इथे मखमलीवर पडून असत. घेणारे दर्दी. पदक हातात आलं की आधी कड बघणार, भिंग लावून टांकसाळीची खूण शोधणार, टिचकी मारून नाद ऐकणार, आणि कुणी घासून चकचकीत केलंय असं दिसलं तर दुकानवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून चालते होणार.

हा म्हातारा कड बघत नसे. त्याला एकच चेहरा हवा असायचा, दर शनिवारी एक. भक्ताला कड कशाला लागते?

त्या चेहऱ्याची बेचाळीस पदकं बाप मागे ठेवून गेला होता. जाण्याआधी त्याने तिचा हात धरून शब्द घेतला होता. “बाकीचे कुणालाही विक. हा मात्र त्याला पुजणाऱ्याच्या घरात जाता कामा नये. तोंड ओळखायला शीक.” आणि हे तोंड तर तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. तरी दहा महिन्यांत एक्केचाळीस पदकं तिने त्याच्या हातात ठेवली होती.

धाकट्या भावाची पितळी कड्या आणि मुठी ओतायची छोटी ओतशाळा होती. त्याने म्हाताऱ्याचं नाव ‘हुजऱ्या’ ठेवलं होतं.

“ताई, झोप लागते ना तुला?” तो विचारायचा.

“लागते.”

“मग झालं तर. बाबांना दिलेला शब्द तू मोडलेला नाहीस. हुजऱ्याचा एवढा विचार करू नकोस.”

झोप लागत होती, पण चीड जात नव्हती. हल्ली गल्लीच्या टोकाला एकसारखे शर्ट घातलेली पोरं जमायची आणि बेंबीच्या देठापासून घोषणा द्यायची. म्हातारा त्यांच्या छातीवर हीच पदकं लावत असेल तर? काचेच्या कपाटासमोर छाती काढून उभा राहत असेल तर? तिच्या दुकानातून गेलेला तो चेहरा कुठे मिरवतोय, हे तिला कळायलाच हवं होतं.

मग एका शनिवारी तो आला नाही. फोन आला.

“बाई, पाय मुरगळलाय. ते शेवटचं मोठं, तळहाताएवढं, घरी आणून द्याल का?”

“देते,” ती म्हणाली.

भावाने दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागदात गुंडाळून तिच्या हातात दिलं. “बघून तरी ये हुजऱ्याचा दरबार.”

घरात दरबार नव्हता. एक पलंग, एका तरुण माणसाचा जुना फोटो, खुर्चीवर वाळत घातलेले मोजे. काचेचं कपाट कुठेच नाही.

“आधी पदकं दाखवा,” ती उंबऱ्यातूनच म्हणाली. “मग हे देईन.”

“ठेवलीत कुणी?” म्हातारा लंगडत तिला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे भट्टी होती. बाजूला वाळूची चौकट, आणि तिच्यात नुकती ओतलेली एक गोल, भोकाभोकांची जाळी.

“हे काय?”

“मुतारीची जाळी. एका पदकात एक होते. जन्मभर प्लंबरकी केली, दुसरं काय येतं मला? शहरातल्या चाळीस सार्वजनिक मुताऱ्यांत फुकट बसवून आलो. ही एक्केचाळिसावी, महापौरांच्या कचेरीतली. तिथे जरा वशिला लावावा लागला.”

ती वाकून जाळीची भोकं न्याहाळू लागली.

“आत फोटो पाहिलात ना, तो माझा थोरला भाऊ. त्याला असल्याच एकाच्या माणसांनी जेवणाच्या ताटावरून उचलून नेलं. देश वेगळा, मिशी वेगळी, पण जातकुळी तीच. हाडंसुद्धा हाती लागली नाहीत.” त्याने चिमटा उचलून बाजूला ठेवला. “तुमचं काँसं मात्र फार लवकर पाघळतं हं. जर्मन माल म्हणून मी कोळसा जास्त घातला होता, वाया गेला.”

तिने चपलेकडे पाहिलं. मग छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेल्यासारखी ती उलट्या बादलीवर बसली आणि हसत सुटली, डोळ्यांना धारा लागेपर्यंत.

“हसायला काय झालं?”

“दहा महिने मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालतेय, आजोबा.”

“मीही तुम्हाला घालत होतो. असला चेहरा विकून पोट भरते, म्हटलं, बाई आहे की कोण आहे.” तोही हसला. मग समाधानाने भट्टीकडे बघत म्हणाला, “दुनियेतून एक्केचाळीस कमी झाले. द्या ते मोठं. आज बेचाळीस.”

त्याने हात पुढे केला. तिने कागदातलं पदक पिशवीतच राहू दिलं आणि फोन काढला.

“काय ताई, पाहिलास दरबार?” पलीकडून भावाने विचारलं.

“पाहिला. सगळे साचे फोडून टाक, आणि बाबांच्या कपाटातली खरी बेचाळीसच्या बेचाळीस घेऊन आत्ताच्या आत्ता इकडे ये.”