शेपटीवरचा नंबर

पाण्यात भिजवलेला नंबराचा स्टिकर कागदावरून सुटला आणि मल्लेशनं तो चिमट्यानं प्लास्टिकच्या छोट्या विमानाच्या शेपटीवर ठेवला. एकाहत्तरच्या लढाईत त्यानं ज्या विमानाची देखभाल केली त्याचाच हा नंबर. फाटला तर दुसरा नव्हता. भिंतीपलीकडं वडिलांचा माग धडधडत होता, टेबल हादरून ओला नंबर घसरत होता. "अवो, घडीभर थांबवा की! पोराचं काम बिघडायलंय," आई ओरडली. मल्लेशला आशा नव्हती. माग सोडून तो विमानदलात मेकॅनिक झाला, त्या दिवसापासून सहा वर्षं वडील त्याच्याशी बोलले नव्हते. नंबर सुकत चालला, कडा मुडपू लागल्या. एकाएकी धडधड थांबली. मल्लेशनं श्वास रोखून बोटानं नंबर जागेवर बसवला. दारात वडील उभे होते. चादरीतला चुकलेला धागाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "तिरका बसलाय," ते म्हणाले, "डावीकडनं केसभर वर घे."