आधी तुझ्या दंडाला

येडू मास्तरांनी गोळी तळहातावर घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि ताटाच्या कडेला ठेवून दिली.

"मला काय तरास हाय? चक्कर न्हाय, धाप न्हाय. मग ही कशाला?"

सोनालीने कपाळ दाबलं. सांगोल्याहून जुळे सोलापुरात राहायला आल्यापासून सासऱ्यांचा हा रोजचा हट्ट. ती कामावर निघायच्या घाईत, डोकं सकाळीच ठणकत असायचं, आणि नेमकी तेव्हा यांची शाळा भरायची. बीपी निघालंय हे त्यांनीच येऊन सांगितलं होतं. आता तेच मानायला तयार नव्हते.

सोनालीची आईही असंच म्हणायची. पन्नाशीत एका सकाळी तिचं तोंड वाकडं झालं, आणि ती पुन्हा बोलली नाही. या घरात तसं होऊ द्यायचं नाही, हे सोनालीने ठरवून टाकलं होतं.

म्हणून ती रोज समजावायची. बीपी दुखत नाही, म्हणूनच घात करतं. बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही. काल चुकली म्हणून आज दोन घ्यायच्या नाहीत. पाय सुजले, खोकला लागला तर डॉक्टरांना विचारायचं. मनानेच बंद करायची नाही. एखादा शब्द गाळला की मास्तर अडवायचे, पहिल्यापासून म्हणायला लावायचे.

बीपीच्या मशीनचा पट्टा बांधून घ्यायलाही त्यांची अट होती. आधी तुझ्या दंडाला. तेही पाच मिनिटं गप बसून. मग आकडा मोठ्याने वाचत ते वहीत लिहायचे.

"बघ, तुलाबी एकशे साठ दावतंय. मशीन खोटं हाय."

"मशीन बरोबर आहे, मामा. माझं तुमच्याशी भांडून वाढलंय."

"मग माझंबी भांडूनच वाढलंय की."

शेवटी गोळी मुठीत धरून ते गॅलरीत जायचे आणि पाठ करून उभे राहायचे. ती तुळशीच्या कुंडीत जात असणार, अशी तिची खात्री होती.

एकविसाव्या दिवशी तिने रजा टाकली आणि त्यांना रिक्षात घातलं. मास्तरांनी भवानी पेठेतल्या, सांगोल्याहूनही ते ज्यांच्याकडे यायचे त्या जुन्या डॉक्टरांकडेच जायचा हेका धरला. तिने तिथे सगळी तक्रार सांगितली. डॉक्टर हसले.

"यांची? बारा वर्षांत यांची एक गोळी चुकलेली नाही."

सोनालीने वळून पाहिलं. मास्तर खिशातली वही काढून डॉक्टरांना देत होते. पहिल्याच पानावर, पोरांच्या वहीवर घालावं तसं, वळणदार अक्षरात तिचं नाव होतं.

डॉक्टरांनी पानं उलटली. हसू मावळलं. त्यांनी तिच्याच दंडाला पट्टा बांधला, थोडं थांबून पुन्हा बांधला आणि गोळी आजपासून सुरू करू म्हणाले.

"मला काय त्रास आहे?" सोनाली म्हणाली. "चक्कर नाही, धाप नाही."

डॉक्टर समजावून सांगायला खुर्ची पुढे ओढू लागले. मास्तरांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, डॉक्टर. तिला समदं पाठ हाय. एकवीस दिवस तिच्याकडनंच म्हणून घेतलंय."