एकाच झुडपावरची फुलपाखरं

"बाई, महागडा कॅमेरा गळ्यात अडकवला म्हणून फोटो काढता येत नाहीत," लॅबवाला केरकर पाकीट काउंटरवर टाकत म्हणाला. कुडाळच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शालन नेरूरकरांची निळी फुलपाखरं या वेळी शेवाळी आली होती. मागच्या खेपेस ती जांभळट होती. दोन वर्षं रानात हिंडून टिपलेलं बरंचसं असंच वाया गेलं होतं, आणि दर वेळी दोष मात्र त्यांच्याच हाताला.

पुढच्या रविवारी शालनबाईंनी एकाच झुडपापाशी, एकाच उन्हात दोन रोल काढले. एक स्वतःच्या नावाने धुवायला दिला. दुसरा, लग्नांचे फोटो काढणाऱ्या परुळेकरांना त्यांच्या नावाने द्यायला सांगितला.

शनिवारी परुळेकरांकडचं पाकीटही घेऊन येऊन त्यांनी भर दुकानात दोन्ही पाकिटं उघडली. परुळेकरांच्या नावाची फुलपाखरं निळीशार होती, बाईंची पुन्हा शेवाळी.

"हे दोन्ही रोल माझेच आहेत," बाई म्हणाल्या. "आता सांगा, माझा कुठला हात बिघडलाय?"

केरकर गडबडला. "परुळेकरांचं मोठं काम असतं, त्यांच्या रोलला ताजं केमिकल काढतो. सुट्ट्या गिऱ्हाइकाला आधीचंच, वापरलेलं..." मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना मॅडम, चहा सांगतो."

बाईंनी निगेटिव्ह पर्समध्ये ठेवल्या आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नको. सुट्ट्या गिऱ्हाइकाला तुम्ही चोथाच पुन्हा उकळून द्याल."